काळी एक

आवाज फुटलेल्या मुलाला समूहगानात कुठं उभं करायचं, हा प्रश्न शाळांनी कधीच सोडवून टाकला आहे. शेवटची रांग, आणि वर सूचना: तू नुसते ओठ हलव. आमच्या आठवीतल्या एका पोराची दिवाळीच्या सुट्टीत ही गत झाली. जूनमध्ये तो पहिल्या रांगेत, तबल्याच्या शेजारी उभा राहून खणखणीत गायचा. डिसेंबरात त्याच्या गळ्यातून कधी कोंबडा बोलायचा, कधी कुणी रिकामा पिंप ओढत नेल्यासारखं वाटायचं. यादीतून त्याचं नाव काढलं नाही, कारण बसचे पैसे भरून झाले होते.

मी या मुलांबरोबर पेटी वाजवायला जातो. ‘वृद्धाश्रम भेट’ हा आमचा दरवर्षीचा कार्यक्रम. खरं सांगायचं तर तो मला फारसा आवडत नाही. फोटो निघतात, मुलांनी रंगवलेली भेटकार्डं वाटली जातात आणि सूत्रसंचालन करणारी मुलगी पाठ केलेल्या आवाजात म्हणते, ‘आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर हसू फुलवण्यासाठी आम्ही आलो आहोत.’ समोरचे आजी-आजोबा तोवर चांगले हसत-बोलत असतात. हे वाक्य ऐकलं की गप्प होतात.

सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला ते घर आहे. दिवाणखान्यात प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेले वॉकर, कोपऱ्यात चहाचे दोन थर्मास. एकावर चिकटपट्टी लावून ‘बिनसाखर’ लिहिलेलं. ‘मोठ्यानं गा रे, यांना ऐकू कमी येतं,’ असं बाईंनी बसमध्ये बजावलं होतं. मुलं जीव तोडून गायली. एक देशभक्तिपर गीत झालं, एक कोळीगीत झालं. माइक घोगरला, पुढच्या रांगेतल्या कुणाचं तरी श्रवणयंत्र शीळ घालू लागलं. टाळ्या पडल्या, पण देवळात आरतीला वाजवतात तशा, सवयीच्या.

तिसरं गाणं गीतरामायणातलं, अगदी पहिलं. कुश आणि लव रामासमोर उभे राहून रामायण गातात, ते. ऐकणारा राम त्या कथेचा नायक आहे आणि गाणाऱ्या मुलांचा बापही, पण अजून त्याला ते माहीत नाही. गदिमांनी वर्षभराच्या मालिकेचं दार उघडायला हाच प्रसंग निवडला, ही गोष्ट मला दर वेळी नव्यानं थक्क करते. मुलांनी ते त्यांच्या नेहमीच्या काळी चारमध्ये उचललं. दोन ओळी झाल्या असतील, तोच तिसऱ्या खुर्चीतल्या आजींनी हात वर केला. वर्गात करतात तसा.

‘अहो पेटीवाले, जरा खाली घ्या ना. आम्हाला येतंय हे.’

माझी पेटी साधी, स्केलचेंजर नाही. पट्टी बदलायची म्हणजे बोटांना नवं घर शोधावं लागतं. काळी तीन धरली, आजींनी मान हलवली. पांढरी दोन. अजून खाली. काळी एकवर आलो आणि समोरून सूर आला. एक नाही, वीस-पंचवीस गळ्यांचा.

वय झालं की बायकांचा आवाज खाली उतरतो आणि पुरुषांचा थोडा वर चढतो. आयुष्यभर दोन पट्ट्यांत राहिलेली माणसं म्हातारपणी एकमेकांच्या जवळ येतात. हे मी कुठंसं वाचलं होतं, त्या दुपारी कानांनी ऐकलं. सूर थरथरत होते, श्वास मध्येच तुटत होते, पण शब्द पक्के. कागद एकाच्याही हातात नव्हता. आमच्या मुलांकडे मात्र होते, आणि तरी त्यांची पंचाईत झाली. खालचे स्वर त्यांच्या गळ्यात उमटेचनात. एकेक करून मुलं नुसते ओठ हलवू लागली.

मागच्या रांगेतून एक भरड, जाड आवाज तेवढा येत राहिला. कोंबडा नाही, पिंप नाही. काळी एकवर तो गळा सरळ चालत होता. पोराला स्वतःलाच त्याचं इतकं नवल वाटलं, की तो मध्येच थांबला, घसा खाकरला आणि पुन्हा सुरू झाला.

नंतर चहा. आजी सांगत होत्या, ‘1955 ची रामनवमी, शुक्रवार होता. मी सातवीत. दर शुक्रवारी सकाळी नवं गाणं. आमच्याकडे रेडिओ नव्हता, मग शेजारच्यांच्या ओट्यावर सगळा वाडा जमायचा. बाबूजींचा आवाज आला की कुणी भांडं वाजवायचं नाही.’ मुलांना छप्पन्न गाण्यांचा हिशेब फारसा कळला नाही. एक गाणं ऐकायला आठ दिवस थांबायचं, हे त्याहून कळलं नाही. ‘मग परत ऐकायचं असेल तर?’ एकीनं विचारलं. ‘पाठ करायचं,’ आजी म्हणाल्या.

शेजारचे आजोबा मध्येच म्हणाले, ‘रेडिओ होता आमच्याकडे, मर्फीचा. एकसष्टात पानशेतच्या पुरात गेला.’ आणि बशीत चहा ओतून तो फुंकत बसले, जणू कालच गेला होता.

भेटकार्डं वाटायची राहूनच गेली. बसमध्ये चढल्यावर बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्या फार चुकचुकल्या.

धायरी फाट्याला गर्दीत बस अडकली. आलेपाकाच्या वड्या फिरल्या, मागं गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या. आठवीतला पोरगा पुढं येऊन माझ्या सीटच्या दांडीला धरून उभा राहिला.

‘सर, काळी एक म्हणजे यातली कुठली?’

पेटी पायाशी होती, तिच्यावर पोरांनी डबे रचले होते. डबे उतरवले, झाकण उघडलं. त्यानं स्वतःच भाता धरला.