दुर्गाडीवरचा रविवार

डोंबिवलीहून लोकलने कल्याण, तिथून रिक्षाने दुर्गाडी किल्ला. चढ अगदी थोडा. देवीला हात जोडले आणि खाडीच्या बाजूला येऊन उभी राहिले. खाली ओहोटीचा काळा चिखल, त्यात बगळे. शेजारच्या पुलावर भिवंडीकडे निघालेल्या ट्रकांची रांग. १६५७ मध्ये शिवरायांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे याच खाडीत आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. सह्याद्रीत वाढलेल्या राजाने समुद्राकडे पाऊल टाकलं ते इथून! मला तर हे ठिकाण राजगड-रायगडाइतकंच मोठं वाटतं. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी मात्र आपण पुलावरून नुसते पुढे जातो. पुढच्या खेपेला भाचरांना आणायचं, भरतीची वेळ बघून.