दादाचं वजन आणि झावळ्यांचा मांडव

दादाचं लग्न पेणला, रिसेप्शन आमच्या रोह्याला. सजावट म्हणे बेटावरच्यासारखी हवी! डेकोरेटरने चक्क प्लास्टिकचे माड सुचवले. कोकणात प्लास्टिकचे माड? आजी हसतच सुटली. मग ठरलं: झावळ्यांचा मांडव, दाराशी केळीचे खुंट, पाहुण्यांना शहाळी. पोह्याचे पापड अर्थात पेणहून, होणाऱ्या वहिनीकडून!

खरी काळजी दादाची होती. नंतर अंदमानला जायचं, म्हणून स्वारी नुसत्या काकडीवर! एकदा चक्कर आली. डॉक्टरकाका म्हणाले, "उपाशी राहिलास तर चरबीबरोबर स्नायूही झिजतील. आठवड्याला अर्धा किलो पुरे."

आता तो भाकरी, वालाचं बिरडं, माशाचं कालवण नीट जेवतो, तळलेलं टाळतो आणि रोज पहाटे कुंडलिकेच्या काठाने माझ्याबरोबर भराभर चालतो. महिन्यात दीड किलो उतरलं. शेरवानीचं माप मात्र आईने अजून देऊ दिलेलं नाही.