चाकाचं वजन

इंजिन अखंड जोर देत नाही, धक्क्याधक्क्यानं देतं, हे मला चौलच्या भातगिरणीत कळलं. साताऱ्याच्या कूपरची आणि १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची एका सिलिंडरची डिझेल इंजिनं तेव्हा गावोगाव पाणी उपसत, पीठ दळत. अशा इंजिनात दोन फेऱ्यांमागे स्फोट एकदाच होतो. हवा ओढणं, दाबणं, धूर बाहेर टाकणं हे बाकीचं सगळं फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जड चाकात, साठलेल्या गतीवर निभतं. गिरणीवाले काका हँडल मारून आधी ते जड बिडाचं चाक वेगात आणत, मग दाब अडवणारी मूठ सोडत, आणि छपरावरच्या नळीतून पुक् पुक् सुरू होई. इंजिन बंद केल्यावरही चाक कितीतरी वेळ फिरत राही. मला ते फार आवडायचं.

घरी आईच्या शिलाई मशीनलाही चाक होतंच. पुढे लोणेऱ्याला इंजिनिअरिंग शिकताना त्याचं गणित भेटलं: चाकाचं वजन जितकं कडेला, तितका त्याचा प्रभाव जास्त, आणि तोही अंतराच्या वर्गानं. गिरणीच्या चाकाची सगळी जाडी कडेला का होती, ते तेव्हा उलगडलं.

आता भाच्यानं जुनी झेन गाडी शर्यतीसाठी तयार करायला घेतली आहे. "मामा, फ्लायव्हील ॲल्युमिनियमचं टाकू का? सगळ्यात हलकं तेच."

आम्ही कागद घेऊन बसलो. मध्यापासून दहा सेंटिमीटरवरचं तीन किलो वजन उतरवलं, तर पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना गाडी साधारण पंचाहत्तर किलोनं हलकी झाल्यासारखी वागते. म्हणजे एक माणूस उतरल्यासारखीच. टॉप गिअरमध्ये तोच फायदा जेमतेम चार किलोंचा उरतो. कमाल ताकद तर तसूभरही वाढत नाही. इंजिनाचा वेग चटकन चढतो आणि चटकन उतरतो, इतकंच. वळणावळणाच्या शर्यतीत ते मोलाचं आहे. पण साळावचा पूल ओलांडून कोर्लई, बोर्ली, काशीद असं मुरूडकडे जाताना चढावर पुढे मासळीचा टेम्पो रखडत असला, की फारच हलक्या चाकाची गाडी क्लच सोडताच बंद पडते. सिग्नललाही थरथरते. साठवलेली गती तिच्याकडे नसतेच.

मग धातूचा प्रश्न. ॲल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची ७.८. फरक मोठा आहे, पण ॲल्युमिनियम मऊ. क्लच प्लेट थेट त्यावर घासली तर ते लवकर झिजेल. म्हणून घासण्याच्या जागी पोलादाची चकती स्क्रूनं बसवतात, आणि स्टार्टरसाठी दात्यांचं कडंही पोलादाचंच. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे जोड चांगला नसेल तर सैलावतो. त्यातून आपली खारी हवा. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आपल्या किनाऱ्यावर बोटीच्या पंख्याजवळ जस्ताचे तुकडे लावतात ते यासाठीच: झिजायचं ते जस्तानं झिजावं. गाडीतल्या फ्लायव्हीलला असा राखणदार नसतो. मोसमात शर्यत झाली की चाक बदलणाऱ्यांनी ॲल्युमिनियम जरूर घ्यावं. वर्षभर किनाऱ्यावर राहणाऱ्या गाडीला मी ते देणार नाही.

माझा कौल घडीव पोलादाच्या एकसंध चाकाला आहे. ताकद भरपूर असल्यानं त्याची कड कोरून पातळ करता येते, म्हणजे नेमकं नको तिथलं वजन जातं, आणि क्लचसाठी पृष्ठभाग मूळचाच पोलादी राहतो. भाच्यालाही ते पटलं.

राहिली एक गोष्ट, आणि ती तरुणांनी मनावर घ्यावी. मूळचं बिडाचं फ्लायव्हील लेथवर धरून स्वस्तात पातळ करून देणारे सगळीकडे भेटतात. तसं करू नका. अठ्ठावीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची कड मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर ताशी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक वेगानं धावते, आणि कडेवरचा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो. बीड वाकत नाही, इशारा देत नाही, एकदम फुटतं. आणि फ्लायव्हीलपासून चालवणाऱ्याचे पाय फार लांब नसतात. पैसे जमेपर्यंत कंपनीचं जड चाकच राहू द्या.