कडी आतून होती

बाथरूमची कडी मी बसवली होती. हे आधीच सांगून टाकते. रहस्यकथेत अशी गोष्ट शेवटच्या प्रकरणापर्यंत दडवून ठेवतात, मला ते जमणार नाही.

आमचं डोंबिवलीतलं घर जुन्या बिल्डिंगमध्ये आहे. बाथरूमच्या दाराची कडी कित्येक महिने ढिली होती. स्क्रूंची भोकं मोठी झालेली. जोरात ढकललं की कोयंडा चौकटीतून सुटून हातात यायचा. एका रविवारी मी यूट्यूबवर बघून भोकांत काडेपेटीच्या काड्या ठोकल्या, लांब स्क्रू आणून घट्ट पिळले. "आता भूकंप आला तरी निघणार नाही," आई म्हणाली. मला फार भारी वाटलं होतं.

त्यानंतर नवव्या दिवशी आबा आंघोळीला गेले आणि आत पडले. नळ चालू, हाकेला ओ नाही. बाबांनी खांदा लावला, शेजारच्या काकांनी लाथा घातल्या. कोयंडा हलला नाही. शेवटी डक्टमधून वर चढून व्हेंटिलेटरच्या काचेच्या पट्ट्या काढल्या आणि वॉचमनचा बारका मुलगा आत उतरला. त्याने कडी काढली. अठरा मिनिटं गेली. मी फोनवर सतत वेळ बघत होते, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून.

स्ट्रोक होता. आबांची डावी बाजू गेली.

हॉस्पिटलच्या बाकड्यावर रात्री झोप यायची नाही. आतून लावलेली कडी बाहेरून कशी उघडायची, हे मी फोनवर शोधत बसायचे. म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. तसं शोधता शोधता मी एका अशा लेखकापाशी पोचले, ज्याने जवळजवळ आयुष्यभर याच एका प्रश्नावर पुस्तकं लिहिली. जॉन डिक्सन कार.

हा मूळचा अमेरिकन. 1906 साली पेनसिल्वेनियातल्या युनियनटाउनमध्ये जन्मला, वडील राजकारणात, काही काळ खासदार. 1932 साली एका इंग्रज मुलीशी लग्न केलं, इंग्लंडला गेला आणि इंग्रजांपेक्षा जास्त इंग्रजी वातावरणाच्या गोष्टी लिहायला लागला. इतक्या भराभर, की एक नाव पुरेना. मग 'कार्टर डिक्सन' असं दुसरं नाव घेतलं (उलटसुलट करून तेच, फार डोकं चालवलेलं नाही). कार या नावाखालचा सगळ्यात गाजलेला डिटेक्टिव्ह डॉ. गिडियन फेल. अवाढव्य देह, अंगावर झगा, दोन काठ्या टेकत धापा टाकत चालणारा. हा उभा केला लेखक चेस्टरटनवरून.

मी पहिलं वाचलं ते 'द हॉलो मॅन', 1935 सालचं. लंडनमधली बर्फाची रात्र. एक प्रोफेसर आपल्या अभ्यासिकेत. मुखवटा घातलेला एक माणूस आत जातो, दारावर बाहेर लोकांची नजर आहे. गोळीचा आवाज येतो. दार उघडतात तर प्रोफेसर रक्तात पडलेला आणि आत दुसरं कुणी नाही. खिडकीखालच्या बर्फावर एक ओरखडासुद्धा नाही. त्याच रात्री दुसरा एक माणूस रस्त्याच्या मधोमध अगदी जवळून झाडलेल्या गोळीने मरतो, आणि बर्फात पावलं फक्त त्याचीच. 1981 साली या क्षेत्रातल्या लेखक-समीक्षकांनी मतं दिली, तेव्हा बंद खोलीच्या कादंबऱ्यांत ही पहिली आली.

पण मला धरून ठेवलं ते सतराव्या प्रकरणाने. तिथे तपास बाजूला ठेवून डॉ. फेल जेवणानंतर चक्क लेक्चर देतो. आपण रहस्यकथेतली पात्रं आहोत, तसं नसल्याचा आव कशाला आणायचा, असं म्हणून सुरू होतो. आधी खोलीच्या क्लृप्त्या: खुनी आत नव्हताच, खून आधीच झाला होता, खून नंतर झाला, बाहेरूनच झाला. मग दाराच्या: चावी फिरवणं, बिजागऱ्या काढणं, दोरा आणि टाचण्या वापरून बाहेरून कडी सरकवणं. अडसराखाली बर्फाचा तुकडा ठेवायचा. तो वितळला की अडसर आपोआप खाली. मी हे सगळं रात्री दोनला, सलाईनच्या स्टँडशेजारी बसून, एखादं मॅन्युअल वाचावं तसं वाचलं. दाराची प्रत्येक युक्ती आमच्या बाथरूमवर लावून बघितली. एकही लागू पडली नाही. दोऱ्याला फट नव्हती. बिजागऱ्या आतल्या बाजूला.

त्याच लेक्चरमध्ये फेल एक तक्रार करतो, ती मला फार खरी वाटते. बंद खोलीचं उत्तर कळलं की वाचक हमखास हिरमुसतो, म्हणतो, हे तर काहीच नव्हतं. कारण परिणाम जादूसारखा होता, म्हणून कारणही जादूचंच असेल असं त्याने धरलेलं असतं. आणि निघतं काय, तर दोरा, टाचणी, एखाद्याची चुकलेली वेळ. कारचं सगळं कसब तिथे आहे. तो भुताटकी अशी उभी करतो की अंगावर काटा येतो, आणि मग भुताच्या जागी एक सुतारकामाची गोष्ट ठेवतो. सगळे दुवे आधीच तुमच्यासमोर मांडलेले असतात, तुम्हीच पाहिलेले नसतात. (त्याच्या तरुण नायिका बऱ्याचदा एकाच साच्यातल्या असतात आणि विनोद कधीकधी फार धसमुसळा होतो, हेही खरं.)

आमच्या घरातली सुतारकामाची गोष्ट फक्त मला माहीत होती. म्हणजे कडी मी बसवली हे सगळ्यांना माहीत होतं. पण जुनी कडी पहिल्याच धक्क्यात निघाली असती, हा हिशोब कुणी मोठ्याने केला नव्हता.

आबा घरी आले. बोलणं जड झालं होतं, डोकं मात्र तल्लख. ते बाबूराव अर्नाळकरांचे जुने भक्त. झुंजार, काळा पहाड, लायब्ररीतून दिवसाला एक पुस्तक आणून फडशा पाडलेला माणूस. पण आता एका हाताने पुस्तक धरून पान उलटता येईना. मग मी रोज संध्याकाळी 'द हॉलो मॅन' फोनवर उघडून तिथल्या तिथे मराठीत सांगायला लागले. माझं भाषांतर भीषण होतं. "अगं, मराठीत असं कोण बोलतं?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल.

तिसऱ्या दिवशी आबांनी थांबवलं. "दार बंद होतं हे सांगतंय कोण? आधी त्याला धर." बरोबर की चूक ते मी इथे सांगणार नाही, पण कार कसा वाचायचा हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

मी त्यांना कारबद्दलही सांगितलं. 1963 साली त्यालाही स्ट्रोक आला होता. त्याचीही डावी बाजू गेली. त्यानंतर तो एका हाताने लिहीत राहिला. 1972 पर्यंत कादंबऱ्या आल्या, शिवाय एका मासिकात रहस्यकथांच्या परीक्षणांचं सदर. 1977 साली गेला.

"नंतरची पुस्तकं चांगली आहेत?" आबांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. "नाही," मी म्हटलं. "पातळ आहेत."

"असणारच," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पण लिहिली."

कादंबरीतल्या बंद खोलीतला माणूस सहसा मेलेला असतो. त्याला विचारता येत नाही. आमचा जिवंत होता, आणि मी चार महिने विचारलं नव्हतं. पुस्तक संपायला दोन प्रकरणं उरली होती तेव्हा विचारलं, आत काय झालं होतं.

"सगळं ऐकू येत होतं," आबा सावकाश म्हणाले. "तुझा बाप ओरडत होता. तू रडत होतीस. कडी मला दिसत होती. हात उचलला, तर तो उचललाच गेला नाही. मला वाटलं, हात कडीला अडकलाय."

मग मी काड्यांचं सांगितलं. लांब स्क्रूंचं, ढिल्या कोयंड्याचं, अठरा मिनिटांचं. रडणार नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

आबा वर पंख्याकडे बघत होते. त्यांचं अर्धं तोंड हसतं, अर्धं नाही, त्यामुळे चेहरा वाचणं अवघड झालंय.

"कडी ढिली होती ना," ते म्हणाले, "तेव्हा तुझी आई दोनदा आत आली होती. मी अंगाला साबण लावून उभा. कुणाला सांगणार?"

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "एकदाच!"

"दोनदा," आबा मला म्हणाले. मग उजव्या हाताने फोनकडे बोट केलं. "तो जाड्या काय म्हणत होता? पुढे वाच."