सांबऱ्याहून इंदूर



गेल्या आषाढात आमचे इंदूरचे गुरुजी अंथरुणाला खिळल्याचा फोन आला. आमचे पदवीचे शिक्षण तिथेच, हिंदी माध्यमातून झाले. त्या दिवसांत दोन वर्षे आम्ही त्यांच्याच घरी जेवलो. निपाणीहून भाड्याच्या गाडीने सांबरा विमानतळ गाठला, तर पावसामुळे विमान रद्द! पुढचे परवा.

"इंदूरला येतोस का?" आम्ही चालकाला अर्धवट थट्टेनेच विचारले. त्याने मोबाईलवर अंतर पाहिले. "साडेनऊशे किलोमीटर हाय सर. जाऊया की!"

एप्रिल २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली विमाने थांबली, तेव्हा इंग्रज विनोदी नट जॉन क्लीझ ऑस्लोहून थेट ब्रसेल्सला टॅक्सीने गेले होते. भाडे म्हणे ३०,००० क्रोनर! आम्हाला आमचे २५,००० रुपयेच जड वाटले. रिकाम्या परतीचे भाडेही आपल्याच माथी असते ना.

वाटेत निपाणीला त्याच्या आईने भाकरी-ठेचा बांधून दिला. कोगनोळी ओलांडल्यावर राज्य बदलले, बोली तीच राहिली. पुणे, अहिल्यानगर, मनमाड मागे पडले. मध्यरात्री धुळ्याजवळ चहा घेताना तो म्हणाला, "सर, मला ओळखलं नाही जणू. सातवी ब. तुम्हीच वर्गशिक्षक होता."

खरेच ओळखले नव्हते. वडील आजारी पडल्यावर आई तंबाखूच्या वखारीत जाऊ लागली आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला हा घरी राहिला. आम्ही 'सतत गैरहजर' असा शेरा मारून त्याचे नाव पटावरून कमी केले. खाली सही आमचीच. त्याचे घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे, हे आम्हाला त्या दुपारी भाकरी घेताना समजले होते.

"बहीण मात्र दहावी झाली सर, आपल्याच शाळेत," तो म्हणाला. नंतर दोन तास तो गाडीत झोपला. आम्ही जागेच होतो.

खलघाटला नर्मदा ओलांडताना उजाडले. गुरुजींनी आम्हाला ओळखले. दारात संकोचून उभ्या राहिलेल्या चालकालाही त्यांनी जवळ बोलावले. "बेटा, कहाँ तक पढ़े हो?"

"सातवी तक," तो म्हणाला आणि आमच्याकडे पाहून हसला.

यंदा पटावरून नाव कमी करण्याआधी आम्ही स्वतः घरी जातो. आतापर्यंत चार घरी जाऊन आलो. दोन मुली वर्गात परतल्या, एका मुलाच्या वडिलांनी दिवाळीनंतर पाठवतो म्हटले आहे. चौथ्या घराला कुलूप होते.