पाच कोटी पौंडांचा टोरेस

जानेवारी आला की युरोपातल्या फुटबॉलचा बाजार भरतो. हंगाम अर्ध्यावर आलेला, संघ धापा टाकतोय, आणि मालक थैलीचं तोंड सैल करतो... आणा एक महागडा स्ट्रायकर! अशा वेळी मला हटकून फर्नांडो टोरेस आठवतो.

३१ जानेवारी २०११. बाजाराचा शेवटचा दिवस. चेल्सीने लिव्हरपूलकडून टोरेसला घेतलं, ५ कोटी पौंड मोजून. तोवर कुठल्याही ब्रिटिश क्लबने एका खेळाडूसाठी एवढे पैसे दिले नव्हते. खेळाडू चांगला होता का, हा प्रश्नच नाही. लिव्हरपूलसाठी १४२ सामन्यांत ८१ गोल केलेला माणूस तो. प्रश्न असा, की चेल्सीत तो करणार काय होता?

टोरेसचा खेळ म्हणजे शेवटच्या बचावपटूच्या खांद्याशी टपून उभं राहायचं, आणि जेरार्डच्या पायातून पास सुटला रे सुटला की मागच्या मोकळ्या जागेत सुसाट पळायचं. त्याला दोन गोष्टी लागतात, मोकळी जागा आणि वेळेवर पास. आता चेल्सी बघा. समोरचे संघ त्यांच्याविरुद्ध आपल्याच गोलसमोर गर्दी करून बसायचे, मग मागे जागा उरणार कुठून? ही गर्दी फोडायला त्यांच्याकडे द्रोग्बा होता. पाठ गोलकडे, अंगावर दोन बचावपटू, चेंडू मात्र पायाशी घट्ट, आणि मागून लॅम्पार्ड धावत येतोय. या पद्धतीने २००९-१० मध्ये त्यांनी लीगमध्ये १०३ गोल केले होते. त्यातले २९ एकट्या द्रोग्बाचे.

मग २०१०च्या अखेरीस गाडी घसरली ती का? लॅम्पार्ड कित्येक महिने जखमी, आणि द्रोग्बाला चक्क मलेरिया झाला होता! (मलेरियातून उठलेला माणूस कसा दिसतो हे आपल्याला कुणी सांगायला नको.) मला विचाराल तर त्या संघाला हवी होती थोडी कळ काढण्याची तयारी. पण थांबण्याचे फोटो छापून येत नाहीत ना.

खरी गोची झाली ती प्रशिक्षक अँचेलॉटीची. एवढ्या किमतीचा माणूस बाकावर बसवायचा कसा? पहिलाच सामना नेमका लिव्हरपूलशी. टोरेस, द्रोग्बा, अनेल्का तिघंही मैदानात, आणि चेल्सी १-० ने हरली. पुढे एप्रिलमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीच्या परतीच्या सामन्यात द्रोग्बाला बाकावर ठेवून टोरेस खेळला. मध्यंतराला त्याला काढून द्रोग्बाला आणलं, द्रोग्बाने गोलही केला, पण तोवर उशीर झाला होता. चेल्सी बाहेर. हंगाम संपताच अँचेलॉटीची नोकरी गेली.

टोरेसचा पहिला गोल आला २३ एप्रिलला, वेस्ट हॅमविरुद्ध. मैदानात इतकं पाणी साचलं होतं की चेंडू डबक्यात थबकला, आणि याने तो मारला. त्या हंगामात लीगमधल्या चेल्सीच्या १४ सामन्यांत त्याचा तेवढा एकच गोल. गंमत म्हणजे त्याच ३१ जानेवारीला चेल्सीने आपला तरुण स्ट्रायकर डॅनियल स्टरिज बोल्टनला उसना दिला होता. त्याने तिथे १२ सामन्यांत ८ गोल केले. घरातलं धान्य शेजारी देऊन बाजारातून महाग तांदूळ आणायचा, त्यातला हा प्रकार.

टोरेसला दोष देणं मला जमत नाही. एप्रिल २०१० मध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि तो पूर्वीसारखा सुटत नाही हे विकत घेणाऱ्यांनाही दिसत असणारच.

असो. १९ मे २०१२ला म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. चेल्सी एका गोलने मागे होती आणि जेमतेम दोन-तीन मिनिटं उरली होती. तेव्हा कॉर्नरवर डोकं लावून बरोबरी साधली ती द्रोग्बाने, आणि शेवटची निर्णायक पेनल्टीही त्यानेच मारली. तो कॉर्नर मिळवून दिला होता बदली म्हणून आलेल्या टोरेसने.