डोक्यावर छप्पर, डोळ्यांवर चष्मा

हैदराबादच्या आउटर रिंग रोडला लागून असलेला सायकल ट्रॅक पाहुण्यांना मुद्दाम दाखवावा असा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो सुरू झाला. लांबी २३ किलोमीटर, रुंदी ४.५ मीटर आणि वर सौर पॅनेलचं छप्पर! एक फाटा नानकरामगुड्याहून पोलीस अकादमीकडे जातो, दुसरा नारसिंगीहून कोल्लूरकडे. काचीगुड्यात वाढलेल्या आणि नोकरीमुळे गच्चीबावलीला आलेल्या माझ्यासारख्याची रविवार सकाळ इथेच जाते.

मला लहानपणापासून धूळ आणि परागकणांची ॲलर्जी आहे. "अरे, त्यापेक्षा घरातच ती व्यायामाची सायकल घे ना," असं आई दर हिवाळ्यात म्हणते. तिची काळजी खोटी नाही. ताशी २५ किलोमीटर वेगात सायकल सेकंदाला जवळजवळ ७ मीटर पुढे जाते. शिंक आली किंवा डोळ्यात कण गेला, की तेवढं अंतर आपण आंधळेपणाने कापतो.

छपरामुळे ऊन लागत नाही, पण दोन्ही बाजू उघड्याच. आजूबाजूला टॉवर उभे राहताहेत, त्यांची बारीक खडी आणि सिमेंट वाऱ्यावर येतं. पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर पांढऱ्या फुलांचं गाजरगवत माजतं. तेलुगू शेजारी त्याला 'वय्यारीभामा' म्हणतात, म्हणजे नखरेल बाई. नाव गोड, पण नाक आणि डोळे दोन्ही वाहायला लावते. संध्याकाळी गंडीपेट तलावाच्या बाजूला गेलात तर चिलटंही असतात.

म्हणून मी सायकल सोडली नाही, तयारी बदलली. चेहऱ्याला घट्ट बसणारा, बाजूनेही झाकणारा पॉलीकार्बोनेटचा चष्मा घेतला. पहाटे आणि संध्याकाळी पारदर्शक काच, उन्हात यूव्हीपासून वाचवणारी गडद काच. त्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्स नाही, कारण धूळ तिच्याखाली अडकते. डोळा खाजला तर सायकल बाजूला घेऊन थांबायचं. चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं. चष्माही आधी पाण्याने धुवायचा, मग पुसायचा, नाहीतर कणांमुळे काचेवर चरे पडतात. घरी आल्यावर आधी आंघोळ, कारण केसांतले परागकण उशीवर उतरतात.

औषधाचं मात्र डॉक्टरांना विचारूनच. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन सायकल नको. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो. डोळा दुखत असेल, अंधुक दिसत असेल, उजेड सहन होत नसेल, तर ती नुसती ॲलर्जी समजू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

मुलांना नवी सायकल घेताना आपण हेल्मेट आठवणीने घेतो. त्याच पिशवीत एक पारदर्शक चष्माही असू द्या.